मागच्या फळीवरच्या बरण्या

सेवेरिनच्या गाडीत त्याची बायको इर्मिना तीन हिवाळे बसली नव्हती. बाजाराला ती बसने जाई, चर्चला पायी, आणि बहिणीकडे जायचं असलं की शेजारच्या झेनेकला स्टेशनापर्यंत सोडायला सांगे. नवरा अंगणात, नवऱ्याची गाडी फाटकात आणि बायको शेजाऱ्याच्या गाडीत. सगळ्या गावाला दिसत होतं, पण तोंडावर कोणी काही बोलत नसे.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. एका जानेवारीत, बर्फ गोठलेल्या वळणावर सेवेरिनने घाबरून कचकन ब्रेक दाबला. गाडी भोवऱ्यासारखी गरगरली आणि कडेच्या लिंडनच्या झाडावर जाऊन आदळली. त्याला नुसतं खरचटलं. तिचं खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड पुढे जुळलं, बाकीचं जुळायचं राहिलं.

मग एका वसंतात सेवेरिनने सामान वाहायच्या जुन्या ट्रेलरचा गंजका सांगाडा घरी ओढत आणला आणि अंगणात ठोकाठोक सुरू केली.

"काय करतोयस?" इर्मिनाने दारातूनच विचारलं.

"घर."

"घर आहे की आपल्याला."

"हे चाकांवरचं. समुद्रावर न्यायला."

"कोणाला?"

सेवेरिन गंज खरवडत राहिला.

हात सुतारकामाचा, पण खिसा हलका. म्हणून जे मिळेल ते लागलं. कोंबड्यांच्या पाडलेल्या खुराड्याचा पत्रा छताला आला. मोडीतल्या बसची काच खिडकीला बसली. बैठकीतला सोफा उसवून त्याची गादी झाली आणि दोन महिने पाहुण्यांना स्टुलावर बसावं लागलं. आकार पाण्याच्या थेंबासारखा: पुढे दोघांनी निजण्यापुरती जागा, आणि मागे, वर उचलायच्या झाकणाखाली, शेगडी आणि दोन फळ्यांचं इवलंसं स्वयंपाकघर.

झेनेक रोज कुंपणावर कोपरं टेकून उभा राही. "सेवेरिन, अरे कोंबड्या पाळतोयस की शवपेटी बनवतोयस?"

"दोघांना निजायला आहे."

"म्हणजे शवपेटीच. जोडीची."

इर्मिना कपडे वाळत घालत होती. तिने चिमटा असा काही दाबला की तो मोडला.

एके दिवशी तिचा वजनकाटा न्हाणीघरातून नाहीसा झाला. बाहेर येऊन पाहते तो काय, सेवेरिनने तो ट्रेलरच्या पुढच्या दांडीखाली ठेवला होता आणि स्वतः पोटावर पडून आकडा वाचत होता.

"याचं नाक जरा जड असावं लागतं," तो खालूनच म्हणाला. "फार नाही. अर्धं पोतं बटाट्याइतकं. नाक हलकं झालं की शेपूट माजतं."

"माणसांचंही तसंच आहे बाबा," कुंपणावरून झेनेक म्हणाला.

"काटा पुसून ठेव," एवढंच बोलून इर्मिना आत गेली. बाकीचं तिने ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. आणि खरं सांगायचं तर तेच पुढे नडलं.

जुलैच्या अखेरीला प्रवाशांचा रक्षक संत क्रिस्तोफर याच्या दिवशी, दरवर्षीसारखी, आशीर्वादासाठी चर्चसमोर गाड्यांची रांग लागली. ट्रॅक्टर, सायकली, एक बाबागाडी आणि शेवटी सेवेरिनचा थेंब. फादर पवित्र पाणी शिंपडत आले.

"फादर, इथे सढळ हाताने शिंपडा," झेनेक ओरडला. "छत गळतंय का तेही कळेल!"

लोक हसले. हसण्याच्या त्या गोंधळात इर्मिनाने पहिल्यांदा त्या घराचं दार उघडून आत डोकावलं. तिच्या बाजूच्या भिंतीला चष्मा ठेवण्यापुरती एक फळी होती. फळीच्या खाली धरायला लाकडी मूठ, घासून गुळगुळीत केलेली, तिच्या दुखऱ्या हाताला पोचेल अशा उंचीवर. तिने ती धरून पाहिली.

घरी परतताना ती म्हणाली, "येते मी. पण मी थांब म्हटलं की थांबायचं. कारण विचारायचं नाही."

"थांबेन."

"शपथ?"

"शपथ."

आमच्याकडे माणूस लांबच्या प्रवासाला निघालं आणि सोबत बरण्या नसल्या, तर त्या घरात काहीतरी बिनसलंय असं समजतात. गेली तीन वर्षं सेवेरिन भावाकडे जाई तो रिकाम्या हाताने. निघायच्या पहाटे मात्र, तो दाढी करत असताना, इर्मिना तळघराच्या पायऱ्या वर-खाली करत राहिली. मिठाच्या पाण्यात मुरलेल्या काकड्या, आंबवलेली कोबी, चरबीत घातलेलं मांस, प्लमचा मुरंबा. मागचं झाकण उचलून तिने दोन्ही फळ्या गच्च भरल्या, खालची जागाही भरली, आणि बरण्या खणखणू नयेत म्हणून मध्ये टॉवेल खुपसले. त्याला सांगितलं नाही. समुद्रावर पोचल्यावर तो झाकण उचलेल आणि त्याला कळेल, असं तिच्या मनात होतं.

गाडीत बसून तिने पर्स मांडीवर घेतली. झेनेक कुंपणाशी होता, पण आज त्याने थट्टा केली नाही. नुसती टोपी काढली.

पहिली काही गावं बरी गेली. मग उताराचा तो लांब रस्ता लागला, दोन्ही कडांना लिंडनची झाडं, बुंधे चुन्याने रंगवलेले, गाडीच्या इतके जवळ की हात बाहेर काढावा आणि साल लागावी. इर्मिना समोर बघत नव्हती, मांडीवरच्या पर्सकडे बघत होती. इतक्यात एक ट्रक शेजारून वाऱ्यासारखा गेला. ट्रेलर मागे जरासा हलला. पुन्हा हलला, अधिक. मग कुत्र्याने शेपूट हलवावं तसा तो डावीकडे-उजवीकडे फेकला जाऊ लागला आणि प्रत्येक हिसक्यासरशी गाडीचं बूड सोबत नेऊ लागला. पांढरे बुंधे एकदा या काचेत, एकदा त्या काचेत.

"ब्रेक! सेवेरिन, ब्रेक मार!"

त्याने ब्रेक मारला नाही.

"थांब! शपथ घेतलीस ना! थांब!"

त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. त्याने वेग देणारा पाय नुसता उचलून घेतला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं आणि काहीही केलं नाही. काहीही न करणं एवढं अवघड असतं हे त्याच्या मानेवरच्या ताणलेल्या शिरा सांगत होत्या. गाडी आपली आपण मंदावली. शेपूट हळूहळू दमलं. शेताच्या एका वाटेवर त्याने गाडी कडेला घेतली.

इर्मिना दार उघडून बाहेर पडली आणि चालू लागली. पुढे बसचा थांबा दिसत होता.

"इर्मिना!"

"तू शपथ घेतली होतीस!"

"ब्रेक मारला असता तर त्याने आपल्याला आडवं करून झाडात घातलं असतं!"

"मला शिकवू नकोस! मागच्या खेपेलाही तुझ्याकडे कारण होतंच!"

ती थांब्यापर्यंत गेली. तिथल्या बाकावर बसली आणि खांदा दाबत राहिली. बराच वेळ मागून हाक आली नाही. शेवटी न राहवून तिने वळून पाहिलं. सेवेरिनने मागचं झाकण उचललं होतं आणि तो नुसता उभा होता. खाली वाटेवर काहीतरी ठिबकत होतं. वारा तिच्या दिशेने होता. लसणाचा आणि शेपूचा वास आला. तिच्या काकड्यांचा वास.

मग अंगणातलं ते वाक्य तिला आठवलं. नाक हलकं झालं की.

ती परत आली. आता हा ओरडणार, तीन वर्षं गिळलेलं सगळं बाहेर काढणार, आणि त्याचा तो हक्कच आहे, असं तिला वाटत होतं. सेवेरिन फुटलेल्या बरणीच्या काचा हळूच रुमालात गोळा करत होता.

"बोल ना," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"बरण्या मी भरल्या. तुला न विचारता."

"स्वयंपाकघर मागे मी काढलं," तो म्हणाला. "रिकामी फळी दिसली की तू बरणी ठेवणारच. इतक्या वर्षांनी मला एवढं तरी कळायला हवं होतं. निघताना पुन्हा काट्यावर ठेवून बघायला हवं होतं."

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

त्याने ट्रेलरचा गाडीशी असलेला जोड सोडवला आणि दांडी तिच्यापुढे केली. "उचलून बघ."

तिने दोन्ही हातांनी धरली. दांडी कापसासारखी वर आली. एवढीशी हलकी गोष्ट, आणि ती दोघांना झाडांत घेऊन चालली होती.

मग दोघांनी मिळून बरण्या काढल्या. काही गाडीत, तिच्या पायांपाशी; बाकीच्या आत, गादीच्या पुढच्या टोकाला, चाकांच्याही पुढे, उशांमध्ये दाबून.

"आता?"

आता दांडी सहजी उचलली जाईना. खांद्यात कळ आली. तळघरातून बटाटे वर आणताना लागतो तेवढा जोर लागला.

"अर्धं पोतं," ती म्हणाली.

"अर्धं पोतं."

ती रस्त्याकडे बघत उभी राहिली. तीन वर्षं तिने एकच हिशेब मांडला होता: चूक कोणाची. आज चूक तिची निघाली, आणि भीती मात्र तेवढीच होती, तसूभर कमी नाही. त्या जानेवारीत ती नुसती शेजारी बसली होती. आज तिने ओरडून ब्रेक मागितला होता, आणि त्याने दिला नव्हता.

थांब्याकडे निघालेली बस त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. इर्मिनाला बघून ड्रायव्हरने काच खाली घेतली. "बाई, येताय का? मला उशीर होतोय!"

सेवेरिनने तिच्याकडे पाहिलं नाही. तो जोड पुन्हा बसवायला वाकला होता, आणि तो बसवून झाला तरी वर उठला नाही.

"नाही," ती म्हणाली. "जा तुम्ही."

गाडीत बसल्यावर तिने मुरंब्याची बरणी पायांत घट्ट धरली. "साठच्या वर नाही."

"साठच्या वर नाही."

"आणि मी थांब म्हटलं की..." ती अडली. "बघ तू. तुला दिसेल तसं कर."

पुढच्या उतारावर पुन्हा एक ट्रक आला. तिचं तोंड उघडलं, शब्द दातांपर्यंत आला. तिने तो दातांखालीच दाबून धरला आणि मागे कान लावला. ट्रक गेला. मागचं घर एकदा किंचित हललं आणि गप्प बसलं.

तिने बरणी अजून सोडली नव्हती. त्यानेही स्टिअरिंग. समुद्र अजून फार लांब होता, आणि वाटेत झाडं पुष्कळ होती.