कडी तुटली तो अनुपमाचा

सुगंधा माठाच्या वाफ्यात बसून खुरपत होती. खुरपं तिच्या सासूच्या वेळचं, मूठ तेवढी दोनदा बदललेली. मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. जमीन सगळी मुरुमाची, तरी कोकणातून आलेली आम्ही माणसं तिच्यातून भेंडी नि लाल माठ काढतोच. उन्हं अजून कोवळी होती. तेवढ्यात वाटेवरून अक्षता आली. सुगंधाची लेक, लग्न होऊन घाटकोपरला गेल्याला जेमतेम दोन महिने झालेले. हातात पिशवी, पिशवीत स्टीलचा टोप, आणि डोळे डबडबलेले.

"आई, हा टोप तू दिलास?"

"खंयचो?"

"बघ ना. काल पाहुणे होते. सासूबाई म्हणाल्या खीर उतरव. मी उचलला, तर कडी माझ्या हातात आणि टोप लादीवर. सगळी खीर पाहुण्यांच्या पायाशी! सासूबाई म्हणाल्या, तुझ्या आईला भांडं पारखता येत नाही, की लेकीला देताना हात आखडला?"

मी शेजारच्या वाफ्यात भेंडीला पाणी घालत होतो. म्हटलं, आता आभाळ कोसळणार. कारण सुगंधाला भांडं पारखता येत नाही, असं म्हणणं म्हणजे माशाला पोहता येत नाही म्हणण्यासारखं. या बाईची छत्री लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिच्या लग्नातलं लुगडं एवढ्या घट्ट विणीचं, की एका पावसाळ्यात चिखलात रुतलेला भाजीचा टेम्पो आम्ही त्याच लुगड्यानं ओढून काढला. टेम्पोचा बंपर निघून आला, लुगड्याचा धागा नाही हलला. अक्षताच्या लग्नाचा टोप घेताना तर मी स्वतः हजर होतो. तिनं आधी टोप ठोकला, मग हुंगला, मग दुकानदाराला म्हणाली, "बस ह्येच्यात." अडीच मणाचा तो माणूस आत बसवून एक कडी तिनं धरली नि एक मी, आणि दुकानाला फेरी मारली. खोटं वाटत असेल तर त्या दुकानदाराला विचारा. अजून तो सुगंधा दिसली की गल्ल्यामागं लपतो.

सुगंधानं टोप उलटा केला आणि बोटाच्या पेरानं ठोकला. पत्र्याच्या डबीसारखा 'टिक' वाजला.

"ह्यो टोप माझो न्हय. माझो टोप घंटेसारखो वाजता."

"पण नाव बघ की. 'चि. अक्षता हिस आईकडून.' आणि तो दुसरा आहे ना, जाडजूड, त्याच्यावर लिहिलंय 'अनुपमा काकूकडून'. रोज भात त्याच्यातच होतो. रोज ऐकते मी, काकूनं बघ कसं दिलं!"

सुगंधानं खुरपं मातीत रोवलं नि उठली. लग्नाच्या धावपळीत नावं घालून आणायला टोप कोणी नेले होते, ते तिला लख्ख आठवलं. धाकटी जाऊ अनुपमा. "वैनी, तुम्ही कशाला येताय, मी माझ्याबरोबर तुमचापण नेते," म्हणाली होती.

बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर धोंडू बसतो, नावं कोरायचं मशीन घेऊन. तुटका टोप बघून त्याचा चेहरा पडला.

"बाय, तुमची जाऊ कागद देऊन गेली. या टोपावर हे, त्या टोपावर ते. मला वाटलंच, पातळ भांडं आईचं कसं? पण मी कागदावरचं कोरतो, मनातलं नाही."

तिथून सुगंधा सरळ अनुपमाच्या दारात. अनुपमा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वैनी, कोरलंय ना त्याच्यावर? मग झालं तर. लिहिलेलं कधी खोटं असतं काय?"

घाटकोपरच्या विहीणबाईसुद्धा हेच म्हणाल्या. सुगंधा स्वतः जाऊन सांगून आली, तर उत्तर आलं, "अहो, अक्षरं डोळ्यांना दिसतात आम्हाला."

त्या दिवशी सुगंधानं चुलीपुढं उभं राहून सांगितलं, "त्या घरात माझा नाव धुवून निघत नाय, तवसर चायत साखर घालूची नाय."

लोकांना वाटलं, आठ दिवस टिकेल. आठ वर्षं टिकली. बाईच्या छत्रीसारखाच बाईचा राग. दर वर्षी उघडून बघावा, तर एक काडी मोडलेली नाही.

तिकडं अक्षता त्या जाड टोपात भात शिजवत राहिली आणि काकूचं कौतुक ऐकत राहिली. इकडं सुगंधा गोड बोलत राहिली. अनुपमाच्या घरी गौरीच्या भाकऱ्या थापल्या, पापड लाटले. अनुपमाला वाटलं, म्हातारी विसरली.

आठव्या वर्षी मार्गशीर्षात अनुपमाच्या निलेशचं लग्न झालं. सून आली दीप्ती, भांडुपच्या शाळेत मास्तरीण. पूजेच्या दिवशी सगळी वाडी मांडवात. भांडुपचे व्याही पुढच्या खुर्च्यांवर. सुगंधा आली ती प्रसादाचा शिरा भरलेला भलामोठा टोप घेऊन. एका कडीला ती, दुसऱ्या कडीला मी. भोवती टॉवेल गुंडाळलेला.

"सूनबाय, तुका काकूची भेट. टॉवेल काढ, नि नाव वाच मोठ्यान. शाळेत वाचतंस ना, तसा."

दीप्तीनं टॉवेल सोडला. टोपाच्या अंगावर बोटभर उंचीची अक्षरं, काठाखालून गोल फिरलेली. पोरीचा आवाज खणखणीत. ती टोपाभोवती फिरत वाचत गेली:

"अक्षताच्या लग्नातला दणकट टोप सुगंधाचा. कडी तुटली तो..." इथं ती अडखळली. पण मास्तरीणच ती, ओळ अर्धी कशी सोडेल? "...अनुपमाचा."

मांडवात असं चिडीचूप झालं, की शिऱ्यातला बेदाणा फुगलेला ऐकू यावा.

"वैनी, हे काय थेर?" अनुपमा किंचाळली.

"थेर खंयचे? कोरलेला असा. लिहिलेला कधी खोटा असता?"

त्या रात्रीपासून अनुपमा टोपाच्या मागं लागली. पहिल्यांदा तिनं तो मंडळाला देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी कार्यकर्ते ओळ मोठ्यानं वाचत परत घेऊन आले, कारण नाव असलेलं भांडं ठेवून घ्यायची पद्धत आमच्यात नाही. मग भांडीवालीला दिला, बदल्यात प्लास्टिकचा टब घेतला. भांडीवाली चार गल्ल्या विचारत परतली. "ताई, अनुपमा तुम्हीच ना? हा घ्या. नावाचा माल माझ्या अंगाशी येतो." टब मात्र तिनं परत नेला.

शेवटी अनुपमानं तो डोंगरावरून खाली ढकलला. मी बघितलं म्हणून सांगतो. टोप गडगडत, दगडांवर घंटेसारखा वाजत खाली आला, वाटेत माझं पपईचं झाड आडवं केलं, आणि सुगंधाच्या अंगणात सरळ उभा राहिला. एक पोचा नाही. पपईचं खोड अजून आहे, येऊन बघा.

सुगंधानं तो पुसून अनुपमाच्या दारात परत नेऊन ठेवला. अक्षरं घासून काढायला अनुपमानं धोंडूकडं नेला, तर त्यानं मशीनसुद्धा चालू केलं नाही. "दोनदा हात फिरवून खोल कोरलंय, ताई. आठ वर्षांपूर्वीची चूक फेडली मी."

आणि दीप्ती तर हटूनच बसली. "आई, भात करपत नाही, कडी हलत नाही. असा टोप आता मिळतो कुठं? मी नाही देणार कोणाला."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी अनुपमा सुगंधाच्या पायरीवर येऊन बसली.

"वैनी, काय करू ते सांगा. भाजीवालासुद्धा मला विचारतो, कडी कशी आहे."

"चल घाटकोपराक."

गेलो. साक्षीला मी होतोच. विहीणबाईंच्या ओट्यावर जाड टोपात भात रटरटत होता. अनुपमानं मान खाली घातली.

"हा टोप वैनींचा. तुटका तो माझा. नावं मी उलटी घातली."

विहीणबाईंनी एकदा टोपाकडं बघितलं, एकदा सुनेकडं. आठ वर्षांचं सगळं बोलणं त्यांच्या तोंडात परत आलं असावं, कारण ते गिळताना त्यांना बराच त्रास झाला. मग म्हणाल्या, "अक्षता, आईला चहा ठेव."

अक्षतानं चहा ठेवला. ती रडत होती, पण या खेपेला ओठ हसत होते. सुगंधानं कप घेतला आणि म्हणाली, "साखर तीन चमचे."

फुर्र करून घोट घेतला. अनुपमाला धीर आला.

"वैनी, झालं ना आता मनासारखं? मग टोपावरची ती ओळ... नवा टोप देता निलेशला? तो मी मोडीत घालते."

सुगंधानं कप बशीत ठेवला.

"मोडीत? गो, तुझी नातवंडां त्येच्यात भात खातली. मी वस्तू घेतंय ती टिकाऊच घेतंय."