कोमट राख

मी काही भोळी बाई नाही. हसनाबादेत कोणाचा माल खोटा, ते मला दुकानात न बसताही कळतं. म्हणून रमाबाईनं फसवलं याच्यापेक्षा मी फसले याचाच राग जास्त येतो.

रझाकारांचे दिवस सरून सहा-सात वर्षं झाली होती. त्या चातुर्मासात मी आमच्या जैन स्थानकात उतरलेल्या महाराजसाहेबांपुढे नेम घेतला, की धान्यात-पिठात निघालेला एकही जीव माझ्यामुळं मरणार नाही. आमचं धान्याचं दुकान, तेव्हा अळ्यांना काय तोटा! चाळून काढायच्या आणि परसात लिंबाखाली नेऊन ठेवायच्या. शेजारची रमाबाई, कचेरीतल्या मार्तंडरावांची बायको, एक दिवस भिंतीवरून डोकावली.

“लाडभाभी, तुमचे जीव तर चिमण्या टिपून राह्यल्या. मला द्या. मी मटक्यात ठेवते, कोंडा घालते.”

माझे डोळेच भरून आले. मारवाडात किड्यांसाठी वेगळी खोली असते असं सासूबाई सांगायच्या. इथं कोण कुठली बाई आपला मटका देत होती. आमच्या घरात ठेवायची तर सोयच नव्हती. किडे पाळणाऱ्याच्या दुकानातलं धान्य कोण घेईल, म्हणत ह्यांनी मटका रस्त्यावर फोडला असता.

पौषात थंडी वाढली आणि अळ्या गारठून निपचित पडल्या. रमाबाई म्हणाली, “मटक्याखाली कंदील ठेवला असता, पण रॉकेलचा खर्चा आम्हाला झेपत न्हाई.” मग बिनखर्चाची युक्ती मीच काढली. आमचा स्वयंपाक दिवस मावळायच्या आत उरकतो, त्यामुळं नेमकी थंडी उतरायच्या वेळी चुलीत राख तयार असते. ती घमेल्यात भरायची, वर जुन्या गादीतला कापूस, त्यावर मटका आणि भोवती गोणपाट. पहिल्या दिवशी राख जास्तच तापलेली गेली आणि तळातल्या बऱ्याच अळ्या भाजल्या. मी दोन उपास केले. तेव्हापासून राख मनगटावर घेऊन बघायची, कातडीला सोसली तरच द्यायची.

आठ दिवसांत अळ्या वळवळायला लागल्या. मग तर त्यांचे किडे झाले, किड्यांची अंडी, पुन्हा अळ्या. रोज संध्याकाळी मी भिंतीवरून घमेलं द्यायची. रमाबाई राखेत हात घालून बघायची आणि म्हणायची, “बराबर हाय. बिचाऱ्यांना ऊब लागंल आता.” त्या एका ‘बिचाऱ्यांना’पायी मी तिला बहीण मानलं होतं.

माघात ती माहेरी तीर्थपुरीला गेली. राख वाया कशाला घालवायची, म्हणून मी स्वतःच घमेलं घेऊन तिच्या दारी गेले. मार्तंडराव अंगणात बसले होते. समोर तितराचा पिंजरा, मांडीशी माझ्या अळ्यांचा मटका. एकेक अळी काडीनं उचलून ते तितराला भरवत होते. त्यांच्याकडं तितर आहे हे मला ठाऊक होतं. ते ज्वारी खातं, असं रमाबाई सांगायची.

“या भाभी,” ते हसून म्हणाले. “बघा कसं तयार झालं. केदारखेड्याच्या बाजारात दोन झुंजी मारल्या. थंडीत बाकीच्यांना तितराला घालायला वाळवी मिळत न्हाई, आपल्याला तुमची राख हाय. रमा म्हणाली, भाभी मोठ्या हौसेनं करून राह्यल्या.”

त्या माणसाला खरंच वाटत होतं की मला सगळं माहीत आहे. मी घमेलं तिथंच ठेवलं आणि घरी आले. थंडीनं शंभर मेल्या असत्या. मी ऊब देऊन हजार वाढवल्या, त्या चोचीसाठी. माझा नेम तिनं माझ्याच हातांनी मोडवून घेतला होता.

दुसऱ्याच दिवशी रमाबाई परत आली, तशी मी भिंतीशी जाऊन तिला विचारलं.

“चिमणीनं खाल्लं ते चालतं, आन् तितरानं खाल्लं तर मी चोर का?” ती म्हणाली.

“चिमणीनं मला बहीण म्हणून फसवलं नव्हतं.”

ती हळूच म्हणाली, “मंग न्या मटका. शेठजी घरात ठेवू देतील?”

माझं घर तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तेवढ्यावरच तर तिनं सगळं बेतलं होतं.

दिवस मावळला. राख दिली तर अळ्या तितर खाणार. नाही दिली तर सगळ्या माझ्यामुळं मरणार, एकेक करून नाही, एका रात्रीत. मी चुलीपाशी बसून राहिले. राख निवायला लागली तशी उठले, दुसरं घमेलं भरलं, मनगटावर घेऊन बघितलं आणि भिंतीशी गेले. रमाबाई हात पुढं करून उभीच होती.

तिनं राखेत बोटं घातली.

“बराबर हाय,” ती म्हणाली. ‘बिचाऱ्यांना’ मात्र म्हणाली नाही.