एकाच जिन्यात

आमची इमारत रिकामी करायचं ठरलं, कारण तिच्यात आमच्यासारखे लोक फार झाले होते. हे मी पदरचं सांगत नाही, कायदाच तसा होता: पाश्चिमात्य नसलेल्या देशांतून आलेली कुटुंबं मोजायची, आणि ती वस्तीत फार भरली की घरं रिकामी करायची. मी डेन्मार्कमध्येच जन्मले, तरी त्या मोजणीत परकीच ठरले.

घरं सांभाळणाऱ्या संस्थेचा मोलर आईची समजूत काढायला आला. माझी आई, इन्तिसार, लेबननमधल्या पॅलेस्टिनी छावणीतून तरुणपणी इथे आली आणि इस्पितळाच्या धुलाईघरात राबून निवृत्त झाली.

"तुमच्याच भल्यासाठी आहे," मोलर म्हणाला. "डॅनिश लोकांत राहाल, मिसळाल."

"मग ही कोण?" आईनं समोरच्या दाराकडे बोट केलं.

तिथे बिर्गिटमावशी उभी होती. ती जन्माची डॅनिश. आई पाळीवर गेली की मी तिच्याकडे जेवायचे. तिचा नवरा गेला तेव्हा आई महिनाभर तिच्या सोबतीला झोपली होती.

"त्यांनाही घर मिळेल. शहराच्या दुसऱ्या टोकाला."

"म्हणजे मिसळलेल्यांना आधी वेगळं करायचं आणि मग मिसळा म्हणून सांगायचं," मावशी म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे ना रे?"

खालच्या कोर्टात आम्ही हरलो. आई आणि मावशीनं वरच्या कोर्टात दावा लावला, पण तोवर घरं रिकामी करणं काही थांबलं नाही. एकेक बिऱ्हाड हललं. मीही आईला म्हटलं, "पुरे आता."

"तू जा. मी काही इथे पाहुणी नाही, कुणी म्हटलं म्हणून उठायला."

ताबा घ्यायला कोर्टाचा माणूस आला, तेव्हा दोघी दारांमधल्या जागेत खुर्च्या टाकून कॉफी पीत होत्या.

"उठा, बाई."

"दोघींना एकाच जिन्यात घरं द्या, आत्ता उठते," आई म्हणाली.

"तशी सोय नसते."

"मग उचला आम्हाला."

आई सत्तरीची, मावशी तिच्याहून थोरली. आधी सोडून गेलेले शेजारीही त्या दिवशी परत आले होते. कुणी घोषणा दिली नाही. सगळे पायऱ्यांवर नुसते बसून राहिले. तो माणूस बराच वेळ घुटमळला, मग फोन करत खाली उतरला.

इमारत शेवटी गेलीच. पण रस्त्यापलीकडे, एकाच जिन्यात, वर-खाली दोन घरं निघाली.

किल्ल्या देताना मोलरनं विचारलं, "आता तरी खूश ना?"

"खूश कशानं होऊ? राहतं घर काढून घेतलंत. हे काही उपकार नव्हेत."

आईनं किल्ल्या घेतल्या. वरच्या कोर्टातला दावा मात्र दोघींनी मागे घेतला नाही.