भुशाची नळी

कलकत्त्याला डमडमच्या भाड्याच्या घरातली मागची खोली दिगंबर आठल्यांनी सुतारकामाला घेतली, तेव्हाच कालिंदीबाईंनी ओळखलं की आता आमटीत कोथिंबिरीऐवजी भुसा पडणार. दिगंबरराव कस्टममध्ये होते. दिवसभर खिदिरपूरच्या गोदीवर परदेशी माल तपासायचा आणि घरी येऊन देशी लाकडाची वाट लावायची, असा त्यांचा दिनक्रम. त्यांनी केलेल्या स्टुलाला पाय चार होते, पण जमिनीला टेकायचे तीनच. पुस्तकांचं कपाट भिंतीला टेकून उभं असे, आणि भिंत सरकारी नव्हती म्हणूनच बिचारी टिकून होती.

अशा माणसाने विजेची गोल करवत घ्यावी! पण घेतली. आधी भुसा कोपऱ्यात पडायचा, आता घरभर उडायला लागला.

एरवी कालिंदीबाईंनी कपाळाला हात लावून सोडून दिलं असतं. पण लीना यायची होती. त्यांची एकुलती एक मुलगी, जमशेदपूरला दिलेली, बाळंतपणाला माहेरी येणार. लीनाला लहानपणापासून दमा. उशी झटकली तरी तिचा श्वास अडकायचा. आणि गेल्या खेपेस तिचं मूल गेलं होतं, जन्मल्या दिवशीच. तेव्हा कालिंदीबाईंनी हौसेने सातव्या महिन्यातच टोपरी, झबली, दुपटी शिवून ठेवली होती. तेव्हापासून त्यांचा नेम झाला, बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी सुईत दोरासुद्धा ओवायचा नाही.

"टोपरी शिवल्याने मूल जातं होय?" दिगंबरराव म्हणत. "डॉक्टर काय म्हणाला ते ऐकलंस ना? शिकलेल्या बाईने असं बोलू नये."

"बरं, मी अडाणी. पण पाळणा आधी करायचा नाही."

कारण नातवंडाला पाळणा आजोबा स्वतः करणार होते. बौबाजारात पाळण्यांची रांग लागलेली असते, पण विकतच्या पाळण्यात आठल्यांचं नातवंड झोपणार? शिव शिव! आता बाळ जन्मायच्या आधी पाळणा करायचा नाही आणि बाराव्या दिवशी तर बारसं. म्हणजे बाळ-बाळंतीण पलीकडच्या खोलीत असताना, मधल्या त्या बारा दिवसांतच करवत चालणार. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

यावर दिगंबररावांनी तोडगा काढला. "अगं, करवतीखाली नळी लावायची, नळीच्या टोकाला ओढणारा पंखा, पंख्यामागे पिंप. भुसा उडायच्या आधीच गडप. विलायतेत कारखान्यांतून असंच असतं."

"विलायतेत बाळंतिणीच्या शेजारी कारखाना असतो का?"

हे त्यांना ऐकू आलं नाही. सोयीचं तेवढंच ऐकू येणं ही आठल्यांच्या घराण्याची देणगी होती.

दुसरं महायुद्ध संपून इतकी वर्षं झाली तरी लष्कराचं भंगार बाजारात संपत नव्हतं. त्यातून एक पंखा आला. तो चालू झाला की वरच्या मजल्यावरचे घरमालक खिडकीतून आभाळाकडे बघत, विमानतळ जवळच ना! पंखा झाला. राहिली फक्त नळी. "एका रविवारचं काम," दिगंबरराव म्हणाले, आणि कालिंदीबाईंनी मनातल्या मनात दिवाळीपर्यंतचे रविवार सोडून दिले.

पहिली नळी बागेला पाणी घालायची, रबरी. घराला बाग नव्हती, निदान नळी तरी आली. लाकडाचे दोन छिलके तिच्यात आडवे बसले आणि तिचा घसा बंद झाला. दुसरी आगीच्या बंबाची, कॅनव्हासची. "ही कशी रुंद आहे बघ!" आता बंबाच्या नळीत पाण्याचा जोर आतून असतो म्हणून ती फुगते. इथे पंखा आतली हवा ओढून घेणार. बटण दाबल्याबरोबर ती पापडासारखी चपटी झाली आणि भुसा होता तिथेच राहिला.

"हिला तुमच्याआधी कळलं," कालिंदीबाई म्हणाल्या, "की यातून काही निघायचं नाही."

तिसरी नळी खिदिरपूरहून आली. जहाजाच्या तळात हवा खेळवायची, जाड कापडाची, आत तारेचं वेटोळं शिवलेलं. बसमध्ये कंडक्टरने तिचं वेगळं तिकीट मागितलं, आणि कस्टमचे साहेब नियमावर बोट ठेवून दोन स्टॉप भांडले. ही मात्र चपटी होईना. फक्त नळीचं तोंड मोठं आणि पंख्याचं लहान. मग फटीत कालिंदीबाईंचं जुनं लुगडं कोंबण्यात आलं, आणि त्यावर रेशनच्या गव्हाची कणीक लिंपण्यात आली.

"कणीक?" कालिंदीबाई किंचाळल्याच.

"मोदक उकडताना पातेल्याचं झाकण कणकेनेच बंद करतेस ना? वाफ जाते का? मग हवा कशी जाईल?"

हवा गेली नाही. उंदीर आले. त्यांनी यथेच्छ जेवण केलं, आणि पुढच्या रविवारी बटण दाबताच उरलंसुरलं लुगडं फाटून पंख्याने सगळा भुसा पिंपाऐवजी स्वयंपाकघराकडे फेकला. त्या दिवशी कालिंदीबाई इतकं बोलल्या की दिगंबररावांनी जेवणात मीठ नसल्याचंही सांगितलं नाही.

शेवटी पत्र्याचं नरसाळं करून आणलं. एका तोंडाला नळी, दुसऱ्याला पंखा, वरून पट्टी आवळलेली. बटण दाबलं, एक जुनी फळी कापली. कालिंदीबाईंनी शेजारच्या खोलीत ओला पांढरा पंचा पसरून ठेवला होता. तो तसाच पांढराशुभ्र. त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी शिरा केला, अर्थात कारण सांगितलं नाही. उगाच डोक्यावर बसले असते.

आणि पुढच्या रविवारी बघतात तर काय, नळी पुन्हा जमिनीवर!

"आता काय झालं हिला?"

"वळण फार तीव्र आहे. त्या भिंतीवरून घ्यायला हवी."

"अहो, चालत होती ना चांगली? लीना आठवड्यावर आली. तुम्हाला पाळणा करायचाय की नळीशी संसार थाटायचाय?"

"दिसणारा भुसा ओढला जातो," दिगंबरराव वर न बघता म्हणाले. "न दिसणारा जातो की नाही, कोण सांगणार? तिच्या छातीला तोच बाधतो."

हा माणूस क्वचित खरं बोलायचा, पण हे खरं होतं. कालिंदीबाईंना रात्री उठून बसलेल्या लीनाचा चेहरा आठवला. त्या उंबऱ्यातच खाली बसल्या.

"मग असं करा," त्या म्हणाल्या, "ती यायच्या आत करून टाका पाळणा. सगळं कापकाम आत्ता उरका. मी घर धुऊन काढते."

बोलून गेल्या आणि मग त्यांना आपलाच नेम आठवला. पण शब्द मागे घेतला नाही. आता हे उड्या मारणार, जिंकलो म्हणणार, अडाणीपणा संपला म्हणून टाळ्या पिटणार, असं त्यांना वाटलं.

"नको," दिगंबरराव म्हणाले.

"नको? का?"

"तूच म्हणतेस ना, आधी करू नये."

"मी म्हणते! तुम्ही माझं कधीपासून ऐकायला लागलात?"

ते नळीच्या तारेचं टोक उगाच वाकवत बसले. मग म्हणाले, "टोपरी शिवायची घाई तुला मीच लावली होती. शिवणाच्या मशीनला तेल मी घालून दिलं होतं. डॉक्टर म्हणाला ते मला पटतं गं. पण दर रविवारी सागाच्या फळीवर पेन्सिल ठेवतो आणि रेघ मारवत नाही. मग वाटतं, आधी नळी बघू."

कालिंदीबाईंनी कोपऱ्यातल्या फळ्यांकडे बघितलं. इतके दिवस तिथे होत्या, एकीवरही खूण नव्हती. या माणसाला आपण काय काय बोललो! त्यांना रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. डोळे पुसून त्या उठल्या. एक फळी ओढून करवतीच्या टेबलावर आणली. चांगलीच जड होती.

"मारा रेघ."

"अगं, नळी काढून ठेवलीय. घरभर भुसा होईल."

"होऊ दे. आठवडा आहे हातात, झाडीन."

"कालिंदी, पण तुझा नेम..."

"चुलीत गेला नेम! लीना माझी बाळंतपणाला येणार आहे आणि बाळ घेऊन परत जाणार आहे. त्याला झोपायला पाळणा लागणार आहे. आता धरा ते टोक."

दिगंबररावांनी टोक धरलं. पेन्सिल उचलून रेघ मारली, ती वाकडीच आली. मग त्यांनी बटण दाबलं.