सोनफूल

प्रेमिलानं टोपली अंगणात आदळली, तशी निम्मी फुलं शेणसड्यावर विखुरली. उचलायला कोणी पुढे आलं नाही.

"असं काय बोलली मी? आणखी गेंदे तोडून आणू का, इतकंच ना?"

सासूनं, धुरपताबाईंनी, दोन्ही हात कानांवर ठेवले. मोठी जाऊ शामकला तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. ओसरीवर पान लावत बसलेले सासरे, ज्यांना सालेकशात लहानथोर सारे पटेलच म्हणत, लग्नपत्रिकेतही तेच छापलेलं, हातातलं पान तसंच ठेवून उठले आणि घरामागच्या वाडीकडे चालते झाले. दसऱ्याचा दिवस, दाराला अजून तोरण नाही, आणि नव्या सुनेनं काहीतरी भलतंच करून ठेवलं होतं. काय, ते मात्र कोणी सांगेना.

गोंदियाच्या रेल्वे चाळीत वाढलेल्या प्रेमिलाला हे झेंडूचं फूल गेंदा म्हणूनच ठाऊक होतं. बाजारात गेंदा, देवळात गेंदा. या घरात मात्र त्याला सोनफूल म्हणत. काऊन, असं लग्न झाल्यापासून तिनं दिसेल त्याला विचारलं होतं. शेजारीण म्हणाली, सोन्यासारखं पिवळं म्हणून. मग वाडीतल्या लालभडक फुलांत कुठलं आलं सोनं? गडी म्हणाला, दसऱ्याला सोनं लुटतात म्हणून. अरे, ते तर आपट्याचं! नवरा चैतराम "मायले विचार" म्हणून हात झटकून मोकळा झाला होता.

ती तणतणत स्वयंपाकघरात गेली.

"बाई, माझं चुकलं काय ते तरी सांगा."

"मी कशी सांगू वो? माह्या तोंडातून निघन काय ते?" शामकला चुलीत फुंकर घालत म्हणाली. "तुलेच समजाले पाह्यजे."

"कोणी सांगाल तेव्हा समजेल ना!"

धुरपताबाईंनी तर तिला पाहताच पाठ फिरवली. प्रेमिलाचं टाळकंच फिरलं. माणसानं चुकावं आणि चूक कोणती हेही त्याला कळू नये, हा कुठला न्याय? डोळ्यांत आलेलं पाणी रागाचं होतं. ते तसंच पुसून तिनं टोपली उचलली आणि वाडीत गेली.

फुलांच्या वाफ्याशी पटेल उभे होते. तिनं झटकन पदर पुढे ओढला आणि मागे वळली.

"थांब बाई," तिच्याकडे न पाहता ते म्हणाले. "घरच्या बाया तुले सांगतीन कशा? माहं नाव गेंदलाल हाये. मी झालो तवा मायनं अंगणात हेच फूल पाह्यलं, अन् तेच नाव ठेवलं. तुही सासू या घरात आली, तसं फुलाचंच नाव बदललं. सोनफूल तिनंच काढलं."

प्रेमिलानं जीभ चावली. सासऱ्याचं नाव, भर अंगणात, सणाच्या दिवशी! लाजेनं तिची कानशिलं तापली.

"रागानं नाही उठलो मी," पटेल म्हणाले. "माय मेली तवापासून हे नाव कोणाच्या तोंडून ऐकलंच नाही. आज ऐकलं." त्यांनी एक फूल तोडून तिच्या टोपलीत टाकलं. "एक डाव आखीन म्हण. इथं कोणी नाही."

प्रेमिलानं तोंड उघडलं. मघाशी किती सहज निघाला होता तो शब्द. आता ओठ हलले, पण आवाज फुटेना. तिनं पदर आणखी पुढे ओढला.

"सोनफुलं... किती तोडू?"



"तोरणापुरती," पटेल म्हणाले, आणि वाकून स्वतःच फुलं तोडू लागले.