थोरल्या सुनेचा हात

चैत्राची सकाळ वारणेच्या पात्रावर उतरली होती. पाणी उथळ, वाळू पांढरीशुभ्र, काठावरच्या करंजांना कोवळी पोपटी पालवी. तोच पोपटी उजेड आमच्या अंगणातल्या मांडवातून, आंब्याच्या डहाळ्यांतून थेंबथेंब गळत होता. त्या उजेडात म्हाळसा कासारणीने बांगड्यांची माळ सोडली. हिरव्या काचेवर ऊन पडले, आणि सारवलेल्या भुईवर हिरवी वर्तुळे थरथरू लागली.

माझे लग्न दोन दिवसांवर आले होते. आमच्या घरची रीत अशी, की चुडा आधी थोरल्या सुनेच्या हातात भरायचा, मग नवरीच्या.

थोरली सून म्हणजे इंदूवहिनी. चूल तिची, कोठी तिची, पाहुण्यांच्या अंघोळीचे पाणी तिचे. कमरेला चाव्यांचा जुडगा, ओठांवर न मावळणारे हसू. दमलीस का, असे कुणी विचारले की म्हणायची, "मला काय झालंय?"

म्हाळसाने तिचा हात हातात घेतला. बोटे जुळवली, तळवा दाबला, बांगडी सरकवली. किणकिण नाही; टिचल्याचा आवाज. दुसरी टिचली. मग तिसरी.

बांगडी फुटली असे कुणी म्हणत नसे, वाढली म्हणायचे. पण लग्नघरात तीन वाढल्या, तेव्हा मांडवातल्या साऱ्या सवाष्णींचे हात आपापल्या मंगळसूत्राकडे गेले.

"बांगड्या कच्च्या दिसतात," चंपूआत्या म्हणाली.

"कच्च्या न्हाईत, आत्याबाई. तुमच्या हातात गेल्या साली ह्याच भरल्या. अजून वाजत्यात, तुमच्या तोंडावानी."

बायका हसल्या. वहिनीही हसली. हात मात्र हसला नाही.

"हात सैल सोड, बाय," म्हाळसा हळूच म्हणाली.

"सोडलाय की."

"तू सोडला असशील. त्येला कुठं ठावं? खांदा बघ, कानाला लागलाय. दातावर दात. कवापासनं?"

वहिनीने आपल्याच हाताकडे पाहिले, जणू तो कुणा परक्याचा होता. तळव्यावर नखांच्या चार चंद्रकोरी उमटलेल्या. किती दिवसांच्या, तिलाही ठाऊक नव्हते.

"तुझ्या म्हायेरी मागल्या दारी काय हाय गं?"

"आत्ता काय त्याचं? दूध तापायचं आहे, भटजींचं सोवळं..."

"दूध तापंल. मागल्या दारी काय हाय?"

वहिनी थबकली. "विहीर," ती म्हणाली. मग डोळे मिटून, "विहिरीवर कवठीचाफा. फुलं पाण्यात पडायची. आई म्हणायची, काढू नको, तरंगू दे."

तिचा आवाज ओला होत गेला, संथ होत गेला. पांढरी फुले, काळे पाणी. काळ्या पाण्यावर पांढरी फुले. ती सांगत राहिली, म्हाळसा तळवा चोळत राहिली. खांदा उतरला, जबडा सुटला, बोटे एकेक करून उमलली. चौथी बांगडी अलगद मनगटात उतरली. मग पाचवी, सहावी. डावा हात, उजवा हात. एकही वाढली नाही.

"दिसातनं चारदा बघत जा," म्हाळसा म्हणाली, "मूठ वळलीय का."

पुढे कित्येक वर्षे माहेरी आले की मी तिला पाहायचे. दूध उतू जायच्या बेतात, दारात माणसे, पोर रडते आहे. आणि वहिनी चुलीपुढे क्षणभर आपल्या हाताकडे बघते, आणि मूठ उलगडते. मग दुधाकडे वळते.

पण त्या सकाळी ती कुठेच वळली नाही. मांडवाच्या खांबाला टेकली होती, तशीच झोपी गेली.

दूध, असे म्हणत चंपूआत्या उठली आणि पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेली. माझ्या आईने वहिनीला हलवायला हात पुढे केला. तो थांबला, खाली गेला, आणि तिच्या कमरेचा चाव्यांचा जुडगा हलकेच सोडवून आईने तो आपल्या कमरेला खोचला.

वीस हात भरायचे राहिले होते. त्यात माझेही. म्हाळसाने मांडी हलवली नाही.

वारा आला. डहाळ्या हलल्या, ऊन हलले, भुईवरची हिरवी वर्तुळे हलली. हलला नाही तो फक्त एक हात; कासारणीच्या मांडीवर उताणा, उघडा, हिरव्या चुड्याने भरलेला, विहिरीच्या पाण्यावर उतरलेल्या फुलासारखा.