तिथं गप्प राहायचं

"काका, तुम्ही परत बोललात!"

प्रणयने हातातली संहिता बाकावर आपटली, तशी शाळेच्या खोलीत तालमीला जमलेली मंडळी फिदीफिदी हसायला लागली. राजाचं काम करणारा विनेश, एरवी गावात सहा आसनी रिक्षा चालवणारा गडी, राजपुत्राच्या प्रेतापाशी गुडघे टेकून बसला होता. प्रेतसुद्धा पोट धरून हसत होतं. खिडकीजवळ खुर्ची टाकून बसलेल्या दयारामला मात्र आपलं काय चुकलं तेच कळेना.

"अरे, अडला ना तो! म्हनून सांगितला. 'बाळा, ऊठ' हाच वाक्य हाय ना पुढं?"

"तो अडला न्हाय, काका. तो थांबलाय. राजाला तिथं शब्दच सुचत न्हाय. लोकांनी ती शांतता ऐकायची हाय."

"शांतता कोन ऐकतो रे? लोक म्हनतील, नक्कल पाठ न्हाय याची."

"म्हणू दे. तुम्ही तिथं गप्प राहायचं. बस्स."

मांडव्याच्या जेट्टीपासून गाव हाकेच्या अंतरावर. चैत्रात गावदेवीची जत्रा, आणि जत्रेला गावच्याच मंडळींचं नाटक. विंगेत उभा राहून नटांना वाक्यं पुरवायचं काम दयाराम मिसरूड फुटल्यापासून करत आला होता. पोटापाण्याला तो आत्ताआत्तापर्यंत जेट्टीवर होता. लाँच लागली की तिचा दोर झेलायचा आणि खुंट्याला बांधायचा. खलाशाने दोर फेकायच्या आधीच याचा हात हवेत. विंगेतही तेच. नट अडखळायच्या आधी याचा शब्द हजर. "दयाराम हाय ना, मंग पाठ कशाला करायचा?" असं गाव म्हणायचं, आणि ते ऐकून दयारामची छाती फुगायची. फुगू नये का? कुणी कौतुक केलं तर माणसाला बरं वाटतंच की.

यंदा प्रणयने घोळ घातला. मुंबईला नाटकाचं शिक्षण घेऊन आलेला पोरगा. म्हणाला, विनोदी फार झालं, आता शोकांतिका करू. लिहिलीही त्यानेच. पुराच्या दिवसांत शत्रूच्या भीतीने राजा आण घेतो, रात्री गडाचा दरवाजा उघडेल त्याचा कडेलोट. दरवाजा उघडतो त्याचाच मुलगा, बुडणाऱ्या गावकऱ्यांना आत घ्यायला. राजा शब्द मागे घेत नाही.

"येडाच दिसतो राजा," राणी झालेली पूनम म्हणाली.

"येडा न्हाय. शब्दाचा पक्का हाय, म्हणून तर लोक त्याला देवासारखा मानतात," प्रणय म्हणाला. "शोकांतिकेचा नायक वाईट नसतो. वाईट माणूस बुडला तर लोक टाळ्या वाजवतील, रडतील कशाला? हा चांगला असतो. एकच दोष असतो त्याच्यात, आणि गंमत म्हणजे तो त्याच्या गुणालाच चिकटलेला असतो. ज्याच्यावर मोठा झाला, त्याच्यानंच बुडतो. बरं, सगळ्या जगाला तो दोष दिसतो. त्याला एकट्याला दिसत न्हाय. दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो."

झालं! मंडळींना खेळच मिळाला. विनेशचा दोष काय, तर कुणी शाबास म्हटलं की तो विहिरीत पण उडी मारेल. पूनमचा दोष नाकावर बसलेला, तो सांगायलाच नको. प्रणयचा दोष, दोन बुकं जास्त शिकला. हसून हसून सगळे बेजार झाले, आणि पूनम वळून म्हणाली, "आनि दयारामकाकांचा दोष सांगू? काकांचा दोष म्हंजे..."

ती जरा घुटमळली.

"मी जरा कडक हाय," दयाराम चटकन म्हणाला. "बोल ना, लाजतेस कशाला? कडक हाय म्हन!"

 खोलीत जो हशा उसळला, तो काही थांबेना. प्रणयसुद्धा तोंड फिरवून हसत होता. सगळे हसतात म्हणून दयारामही हसला. वाटेत त्याने विनेशला विचारलं, "एवढा काय रे हसलात?" विनेश म्हणाला, "काय न्हाय, काका. असाच."

घरी आला, कुलूप काढलं, चुलीवर भात टाकला. सगुणा गेल्यापासून हे घर असंच, एका माणसाच्या भांड्यांचं. भात रटरटत होता, आणि दयाराम पूनमचं ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता. 'काकांचा दोष म्हंजे...' आणि पुढे आपलाच आवाज. भाताला ऊत आला तेव्हा त्याला कळलं. पोरीचं वाक्य आपण तिच्या तोंडातून काढून घेतलं होतं. आणि लोक त्यालाच हसले होते.

त्याच्या जिवाला फार लागलं.

खोड लहानपणची. थोरला भाऊ तोतरा होता. शाळेत गुरुजींनी विचारलं की त्याचे ओठ थरथरायचे, मान ताणली जायची, आणि पोरं टवाळी करायची. धाकटा दयाराम शेजारच्या रांगेतून उत्तर देऊन टाकायचा. भाऊ सुटायचा. आई म्हणायची, "माझा दया गुनाचा, भावाला अडू देत न्हाय." तेव्हापासून कुणी अडलेलं दयारामला बघवत नसे. पुढे सगळं जगच त्याला अडलेलं दिसायला लागलं, त्याला तो तरी काय करणार?

सगुणा तर मुळातच हळू बोलणारी. तिने "आवो, मी म्हनते..." म्हणावं आणि याने पुढचं सांगून टाकावं. बरोबर असो की चूक, ती म्हणायची, "व्हय, तेच." तीस वर्षं तिने 'व्हय, तेच' म्हणून संसार केला. शेवटी तिला दुखायला लागलं, तेव्हा तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय, बाई?" तिने पदर सारखा केला, याच्याकडे बघितलं, तोंड उघडलं.

"पित्त हाय तिला, साहेब. जागरन सोसत न्हाय."

"हो का, बाई?"

"व्हय, तेच," सगुणा म्हणाली.

पित्त नव्हतं ते. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा पोटात गाठ एवढी वाढली होती, की हात लावायला जागा उरली नव्हती.

तेराव्याला कल्पिता, त्यांची एकुलती एक लेक, म्हणाली, "बाबा, आईला एक वाक्य तरी पुरं करू द्यायचं होतं."

"म्हंजे मी तिला मारली, असा म्हनायचा हाय ना तुला?"

"मला काय म्हणायचंय ते मलाच म्हणू द्या ना!" ती किंचाळली होती. मग पिशवी उचलून तिने लाँच पकडली. त्यानंतर दिवाळीला फोन यायचा, खुशाली कळायची. लेक दारात काही आली नाही.

त्या तालमीच्या दुसऱ्या दिवशी कोकिळा, त्या तोतऱ्या भावाची विधवा, शेजारच्या घरातून भाकरी घेऊन आली.

"भावजी, कल्पिता येते जत्रेला. फोन आलेला तिचा."

"तुमाला केला? मला न्हाय केला?"

"तुमाला केला की तुमीच बोलता." कोकिळाने भाकरी ताटात ठेवली. "ऐका आता. तिला तुमच्याशी काहीतरी बोलायचा हाय. मला म्हाईत हाय, पन मी सांगनार न्हाय. तिचा तिला बोलू द्या. लय दिसांनी पोर येते. देवीची आन हाय तुमाला, तेवढा वेळ तोंड मिटून बसा."

"मी काय बोलतो? मी बोलत न्हाय."

"बरा," कोकिळा म्हणाली आणि गेली.

त्या आठवड्यात दयारामने तालमीला एकच काम केलं. शेवटच्या प्रवेशाला तो पंच्याचं टोक दातांत धरून बसायचा. दोनदा पंचा सुटला, तिसऱ्यांदा नाही सुटला. विंगेत जमलं तर घरी जमेल, असा त्याचा हिशोब.

रात्री कर्णा लावायला पोलिसांची मनाई, म्हणून यंदा नाटक दुपारीच होतं. विंगेच्या फटीतून दयारामला कल्पिता दिसली. बायकांत खुर्ची घेऊन बसली होती. जावई निकेतला सुट्टी नव्हती म्हणे. चेहरा भरलेला वाटला. मुंबईचं पाणी मानवलं पोरीला, दयारामच्या मनात आलं.

शेवटचा प्रवेश आला. विनेशने मुलाच्या प्रेतावरचं कापड बाजूला केलं आणि तो थांबला. मांडवात कुणी खोकलं. कुणाचं पोर रडलं, त्याला गप्प केलं. 'बाळा, ऊठ', 'बाळा, ऊठ', दयारामच्या घशात वाक्य उड्या मारत होतं, पण दात पंच्यावर घट्ट होते. विनेश बघतच राहिला मुलाकडे. आणि मग त्या शांततेत बायकांच्या रांगेतून एक हुंदका आला, मागून दुसरा. प्रणय म्हणाला होता ते खरं होतं. लोक ऐकत होते.

पडदा पडला. जमलं! दयारामला रडूही येत होतं, हसूही.

रंगपटाच्या खोलीत तो एकटाच सामान आवरत होता, तेव्हा कल्पिता आत आली. त्याच्या पाया पडली आणि खुर्ची ओढून जपून बसली.

"बाबा, शेवटी तुम्ही बोलला न्हाय."

"बघितलास?"

"बघितलं. म्हणून तर आत आले. न्हायतर काकीकडूनच परत जाणार होते."

दयारामने मान हलवली. पंचा खांद्यावर होता, तो दातांत कसा धरणार लेकीसमोर?

"बाबा, मी आज आले ते... मला विचारायचं होतं..." तिने छताकडे बघितलं, मग हातांकडे. "आपलं घर आहे ना, बाबा..."

ती थांबली.

दयाराम गप्प राहिला. बाहेर खुर्च्या उचलल्याचा खडखडाट चालला होता. पोरीचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. डोळ्यांत पाणी आलं. दयारामने जीभ चावून धरली. तिचे ओठ थरथरले, आणि तिच्या जागी त्याला थोरला भाऊ दिसायला लागला, वर्गात उभा, मान ताणलेला. माझी लेक, आणि माझ्यासमोर अशी अडते? एवढी परकी झाली ती मला? त्याचं काळीज तुटलं. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"कळला मला. घर इकायचा म्हनता ना तुमी दोघं? आता इथं सगळेच इकतात, बंगले बांधायला मुंबईवाले दारात उभे हायेत. त्यात लाजायचा काय, पोरी? मी सही करतो. मी एकटा कुठंबी राहीन. तू अडू नको."

कल्पिताने त्याच्याकडे बघितलं.  मग तिने डोळे पुसले, खुर्चीच्या पाठीला धरून उठली.

"व्हय," ती म्हणाली. "तेच."

शेवटची लाँच चुकेल म्हणून ती निघाली. दयाराम पडद्याची घडी घालत राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. पोरीला अवघड गेलं नाही. मागितल्याशिवाय दिलं. बापाने आणखी काय करायचं असतं?

तेवढ्यात कोकिळा घाईघाईने आत आली. "बोलली? काय म्हनालात मंग? व्हय म्हनालात ना?"

"व्हय म्हनालो. घर इका म्हनालो."

"घर?" कोकिळा मटकन पेटीवर बसली. "आवो भावजी, काय केलात ह्यो! पोरीला दिवस गेलेत. पहिलटकरीन हाय. आई न्हाय, तर बाळंतपनाला माहेरी येऊ काय, बाबा येऊ देतील काय, हे विचाराया आलेली ती. घर इकतीया व्हय? तिला तर ह्या घरात यायचा होता!"

दयारामच्या हातातून पडदा सुटला. 'व्हय, तेच.' त्याला आता ऐकू आलं, आणि ते लेकीच्या आवाजात नाही, सगुणाच्या आवाजात ऐकू आलं.

तो धावत बाहेर आला. विनेश अजून मिशा न उतरवता रिक्षात बसला होता. "जेट्टी," दयाराम एवढंच म्हणाला, आणि जरीच्या अंगरख्यातला राजा रिक्षा हाणत निघाला. 

लाँच सुटली होती. बरीच पुढे गेली होती. दयारामनंतर त्या कामाला लागलेला सदा जेट्टीच्या टोकाशी दोराचं वेटोळं घालत होता. ज्या खुंट्याला दयारामने उभ्या जन्मात हजारो लाँचा बांधल्या, त्याला टेकून त्याने फोन काढला. नंबर लागला.

"हॅलो? बाबा?"

त्याच्या तोंडाशी सगळं एकदम आलं. माझं चुकलं, कोकिळा म्हणाली, तू ये, आईची खोली सारवतो, सगळं आलं. एकेक करून त्याने ते गिळलं. अख्ख्या आयुष्यात एवढं अवघड काम त्याने केलं नव्हतं.

"बोल," तो म्हणाला. "तू बोल, बाय."

पलीकडून काहीच आलं नाही. लाँचच्या इंजिनाची घरघर, वारा, कुणी मुंबईकर मोठ्याने हसलेला. तिने फोन ठेवला नव्हता. दयाराम ऐकत राहिला. लाँच लहान होत गेली, तिच्यावरचे दिवे लागले. घरघर विरली आणि नुसती खरखर उरली. मग तीही गेली. फोन त्याने कानाला तसाच धरून ठेवला.

सदा दोर ठेवून जवळ आला. "काका, त्या बाजूला रेंज जाते. तुमाला म्हाईत हाय की. तिकडून आता काय ऐकू येयाचा न्हाय..."

दयारामने ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला गप्प राहायची खूण केली.